बाकावरचा दत्तूअण्णा

हसू नका, पण मला अक्कल आली ती बर्फावरच्या हॉकीमुळे. इकडे कानडी मुलखात, आमच्या शिवाजीनगरात नवीनच केबल आली होती, तेव्हा आम्ही वर्कशॉपवाले दिसेल ते बघायचो. एकदा कॅनडातली मॅच लागली. एका धटिंगणानं हातमोजे फेकले नि समोरच्याला बुकलून काढलं. पंचांनी त्याला काचेआड एकटं बसवलं.

आमचा जोशी म्हणाला, "याला ठेवलाय तोच मारामारीसाठी. गोल करणाऱ्याला कुणी डिवचलं की हा धावतो."

"म्हणजे आपला दत्तूअण्णाच की!" मी ओरडलो.

खरंच होतं. आमच्या हॉकी टीममध्ये मी समोरच्यांची टर उडवायचो, ते स्टिक उगारायचे, दत्तूअण्णा मध्ये पडायचा आणि बाहेर काढला जायचा.

सगळे खिदळले. दत्तूअण्णाची नजर टीव्हीवरच. "गोल झाला बघ. सगळे मिठ्या मारतायत. काचेआडच्या याला कोण मिठी मारणार रे?"



पुढच्या रविवारी होसकोट्यात मॅच होती. खोड कुठली जाते? मी त्यांच्या बॅकला चिडवलं, दत्तूअण्णा भांडला, बाहेर गेला. मग मी गोल मारला आणि तडक मैदानाबाहेर पळत जाऊन त्याला मिठी मारली.

"सोड! स्वल्प लाज बाळग, पंच बघतोय!"

पंचानं बघितलंच. न विचारता मैदान सोडलं म्हणून मलाही बाहेर बसवलं.

दत्तूअण्णानं बाकावर सरकून जागा दिली. "बस. इतकी वर्षं इथून तुझा खेळ बघतोय. आज तू आत नाहीस, जरा बरा खेळ दिसेल."