उत्तरेला कललेली कोर

नाही, तिथे हात नको, हमूदकाका — त्या तिपाईला नुसता अंगरखा लागला तरी हलते ती, आणि मी दुपारपासून ही बारीक नळी आणि ही मोठी नळी एका रेषेत आणतेय. इकडून या, गालिच्यावर बसा. आजोबा असरच्या, दुपारनंतरच्या नमाजाला गेलेत, येतीलच. शेजारच्या सालेमबरोबर गेलेत, तो हल्ली न्यायला येतो, दारापर्यंत आणून सोडतो. आई म्हणाली, तोवर पाहुण्यांना काहवा दे आणि जवळ बैस. हे खजूर घ्या. — काय करतेय? डोकं फोडतेय, दुसरं काय. रात्री आकाशात काही शोधायचं असेल तर दिवसा लांबची एखादी वस्तू धरून दोन्ही नळ्या जुळवून ठेवाव्या लागतात. समोरच्या डोंगरावर ती पाण्याची टाकी आहे ना, ती धरलीय मी. टाकी जुळली की स्क्रू आवळायचा, आणि स्क्रू आवळला की टाकी गेली. पुन्हा पहिल्यापासून. खालून शेजाऱ्यांची शेळी गेली तरी टाकी नाचते. पुस्तिका आहे सोबत, पण तिच्यात चित्रंच जास्त, आणि चित्रातल्या माणसाची तिपाई कधी हलत नाही.

मामाने मस्कतहून पाठवली ही दुर्बीण. खोक्यावर काय चित्र होतं सांगू — गुलाबी-जांभळे ढग आणि त्यात ताऱ्यांचा चुरा. मी ते खोकं उशाशी घेऊन झोपायची. आणि डोळा लावला तर काय, शनी म्हणजे तीळ. कडी असलेला तीळ, पण तीळच. डोळ्याला निदान ती कडी दिसते; कॅमेरा लावला की तीही जाते, नुसता पांढरा ठिपका, पीठ सांडल्यासारखा. मग कळलं की उजेड कमी घ्यायचा. कमी घेतला तर सगळं काळं. बराच वेळ उघडा ठेवला तर तारे शेवयांसारखे लांब होतात, कारण पृथ्वी फिरते आणि माझी तिपाई फिरत नाही. फिरणारी मिळते म्हणे, पण तिची किंमत ऐकून मामा म्हणाला, त्यापेक्षा शेळ्या घे, दूध तरी देतील. कॅमेरा जड, त्याच्या वजनाने नळी मान टाकते. बटण दाबलं की बोटाचा धक्का बसतो, म्हणून आपोआप थोड्या वेळाने फोटो निघेल असं लावायचं — आणि तेवढ्यात चंद्र चौकटीबाहेर निघून जातो. हसा, हसा. सगळेच हसतात.

एकच फोटो नीट आलाय माझा, इतक्या महिन्यांत एकच. ईदच्या आदल्या संध्याकाळचा, कोरीचा. तुम्ही पाहिला असेल, सगळ्या गावाच्या फोनवर गेला. आणि त्याच फोटोवरून — शाळेच्या दालनात प्रदर्शन होतं, तिथे लावायला दिला मी, तर रहमा टीचरनी परत केला. म्हणाल्या, त्या संध्याकाळचे देशभरातले फोटो पाहिलेत मी, सगळ्यांत कोरीची शिंगं दक्षिणेला कललेली आहेत, तुझ्यात उत्तरेला. असा चंद्र त्या दिवशी नव्हताच. कुठून उतरवलास? सगळ्या वर्गासमोर विचारलं. मागून मुली म्हणतात, झुवैनाचा चंद्र वेगळा, तिला ईदही वेगळी द्या. मला वर्गात बोलता येत नाही, काका. खाली बघत राहिले, म्हणजे त्यांना वाटलं की हिने कबूलच केलं. आता इथे एवढं बोलतेय कारण तुम्ही चंद्र पाहणाऱ्या समितीतले — तुम्ही एक शब्द टाकलात की फोटो खरा आहे, तर टीचरना ऐकावं लागेल. त्यासाठीच आलात ना? नाही? सहज, आजोबांना भेटायला? असू दे. तरी ऐका. अजून ओतू? अर्धाच भरते.

त्या संध्याकाळी तुम्ही पलीकडच्या डोंगरावर होता, नाहीतर तुम्हीच साक्ष दिली असती माझी. बुरुजावर सगळं गाव जमलं होतं. आजोबा पुढे, नेहमीसारखे. तुम्ही दोघं मिसरूड फुटल्यापासून तिथे उभे राहायचात ना, आजोबा सांगतात — हमूद बोलायचा जास्त आणि मला दिसायचं आधी. रागावू नका, तेच म्हणतात असं. गावासाठी अबू सैफनी, म्हणजे आजोबांनी, पाहिला म्हणजे पाहिला. खालच्या वस्तीतल्या बायका तेवढ्यावर हलव्याची पातेली चढवतात. माझ्या दुर्बिणीला ते 'ती नळी' म्हणायचे, बुरुजावर नेऊ द्यायचे नाहीत. डोळ्यांनी पाहायची गोष्ट डोळ्यांनी पाहावी म्हणायचे. आणि त्या दिवशी आपणहून म्हणाले, घे ती नळी, माझ्या अगदी शेजारी मांड. मला इतका आनंद झाला की का ते विचारलंच नाही.

जागाही त्यांनीच सांगितली. खिंडीच्या डावीकडे, चार बोटं वर, सूर्य गेला की घाई करू नकोस, आकाशाचा रंग उतरू दे. मी तिथे वळवली — आणि होती कोर. नखाच्या कडेएवढी, थरथरत. धूळ इतकी होती की नुसत्या डोळ्यांनी कुणालाच काही दिसत नव्हतं, तरणी पोरंसुद्धा कपाळावर हात धरून उभी. मी श्वास रोखून फोटो काढले. बाकीचे हलले, एक आला. आजोबा हळूच म्हणाले, बघू. कॅमेरा घेतला आणि नाकाला लावून पाहिला — ते सगळं हल्ली नाकाशी धरूनच पाहतात, खजूरसुद्धा फोडून नाकाशी नेतात. उपासाने डोळ्यांवर ताण येतो, आई म्हणते. बराच वेळ पाहिला. मग कॅमेरा माझ्या हातात दिला, काठी उचलून खिंडीकडे रोखली आणि म्हणाले, ती बघा. सगळे म्हणतायत, कुठे, कुठे. काझींचा फोन लागला, आवाज मोठा ठेवला होता, सगळ्यांनी ऐकलं. काझी विचारतात, अबू सैफ, शिंगं कशी होती? आणि आजोबा ताठ उभे राहून म्हणाले, "वर, आणि जराशी उत्तरेला कललेली." असं स्पष्ट, एकेक शब्द. म्हणजे माझ्या फोटोत होती तश्शीच. आणि टीचर म्हणतात असा चंद्रच नव्हता. मग आजोबा काय खोटं बोलले? हेच विचारायला हवं होतं मी वर्गात.

पण आज सापडलं मला, काका. आजच, तुम्ही यायच्या जरा आधी, आणि अजून कुणाला सांगितलंही नाही. या, उठा, एक डोळा मिटा आणि इथून बघा, फक्त नळीला धरू नका. टाकी दिसली? आता तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा. नाही ना येत? झाकण वर आहे, नळ खाली आहे, सगळं जागच्या जागी, पण आपली अरबी अक्षरं उजवीकडून सुरू व्हायची ती डाव्या हाताकडून सुरू झालीयत. आरशात दिसतात तशी. हा वाकडा तुकडा आहे ना शेवटी, मान अवघडू नये म्हणून देतात तो, त्याच्यात आरसा आहे, आणि कॅमेराही त्याच्यावरच बसतो. डावं ते उजवं करतो. पुस्तिकेत कुठेतरी असेलही लिहिलेलं, चित्रांच्या मध्ये. इतके महिने कळलं नाही मला, कारण ताऱ्याला कुठे डावं-उजवं असतं. म्हणजे फोटो खोटा नाही! खराच आहे, माझाच आहे, फक्त आरशातला आहे. चंद्र टीचर म्हणतात तसाच होता, दक्षिणेला कललेला. उत्तरेला कललेला तो फक्त माझ्या या नळीत होता. नुसत्या डोळ्यांनी ज्याने कुणी पाहिला असेल, त्याला तो कधीच उत्तरेला —

हो. दक्षिणेला. आकाशात दक्षिणेलाच.

आजोबांनी — उत्तरेला म्हटलं. हो, सगळ्यांनीच ऐकलं. — काय? कॅमेरा? नंतर पाहिला. म्हणजे, आधी पाहिला, पण तो नुसता सहज, माझं कौतुक म्हणून — काका, ते दमले होते हो. दिवसभराचा उपास, त्यात बुरुजाचा चढ, डावं-उजवं कुणाचंही होतं अशा वेळी, माझंही होतं. आणि चंद्र होता ना तिथे? त्यांनी सांगितलं तिथेच होता, चार बोटं वर, त्यांनी सांगितलं नसतं तर मला या नळीत सापडला असता का? ईद खरीच झाली ना? मग कुणाचं काय बिघडलं? पुढच्या चंद्राला जायचं म्हणून नवा दिशदाशा शिवायला टाकलाय त्यांनी. खंजराची चांदी माझ्याकडून घासून घेतली काल. इथे काळी राहिली, इथे राहिली म्हणत होते, बोटाने चाचपून —

कप हलवलात. एवढ्यात पुरे?

ऐका, काका. तो फोटो माझा नाही. रहमा टीचर म्हणतात ते बरोबर आहे, मी कुठून तरी उतरवला. बुरुजावर या नळीत काही आलंच नव्हतं, तुम्हीच बघितलंत ना, शेळी गेली तरी हलते ही. आजोबांना मी काही दाखवलं नाही, ते बोलले ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून. मी शाळेतही तसं सांगेन, वर्गासमोर उभी राहून सांगेन, बोलता आलं नाही तर लिहून देईन. तुम्ही समितीत तेवढंच सांगा, की पोरीने फसवलं, लहान आहे.

काठी वाजतेय. आले ते. नाही, उठू नका एकदम — किंवा उठा, जा तुम्ही, आत्ताच जा, तिकडून मागच्या जिन्याने. सलाम करू नका, काही बोलू नका. ते दारातून सरळ इकडेच येतील, येऊ दे. तुम्ही बोलला नाहीत तर त्यांना कळायचंही नाही कुणी इथे होतं म्हणून.