हृदयाचा आवाज निघेना

अगं, तुम्हाला माहीत आहे, मी हजेरीलाही पुटपुटते. आणि तेलीबांध्याच्या आमच्या हिंदी शाळेत विज्ञानाच्या मॅडमनी रक्ताभिसरणाच्या खेळात मलाच हृदय केलं! बाकीच्या मुली रक्त आणि बाहेरचा व्हरांडा फुप्फुस. मी ओरडले, की रक्ताने फुप्फुसाकडे पळायचं.

माझा आवाजच निघेना.

“दिल बंद पड़ गया तो सब मर जाएंगे, बेटा!” मॅडम म्हणाल्या.

मी डोळे मिटून ओरडले, “चला!” सगळ्या धावल्या आणि दारातच अडकल्या. गोंगाट ऐकून आलेले प्राचार्य तिथे उभे होते.

“सर, सरका न! रक्त अडून राहिलं!” मी घरच्या मराठीतच ओरडले.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “अच्छा? और मैं कौन हूँ?”

माझं तोंड आता थांबेचना. “कार्बन डाइऑक्साइड, सर. आपको तो बाहर ही जाना है.”