उशीतली पिसं

(अमेरिकेच्या थंड उत्तरेतलं, सरोवराकाठचं डुलुथ गाव. तिथल्या वाचनालयाच्या तळघरातली खोली. टेबलाभोवती लेखन-गटातली तिघं म्हातारी माणसं, तिघांपुढे एकाच गोष्टीच्या प्रती.)

वर्ना: बोललास. आज कप तू धुवायचे.

ऑरिन: मी इतकंच म्हटलं की गोष्ट फारशी बरी नाहीये...

वर्ना: परत बोललास. आता बश्यासुद्धा. ज्याची गोष्ट त्यानं गप्प बसायचं, हा या गटाचा एकच नियम आहे. एवढं का जमू नये तुला?

हेल्मी: घरी छान जमतं त्याला.

वर्ना: हेल्मी, इथे तू त्याची बायको नाहीस, वाचक आहेस. ‘लेखक’ म्हणायचं.

हेल्मी: लेखकाला घरी फारच छान जमतं.

वर्ना: मी सुरू करते. मला आवडली. एक म्हातारा, त्याची बायको मूळची रानहंसीण. थंडी आली की तिच्या खांद्यांवर पिसं फुटतात, दक्षिणेला उडून जायला. ती झोपली की हा माशाचे काटे काढायचा चिमटा घेतो आणि एकेक पीस उपटतो. पिसं उशीत भरतो. आणि त्याच उशीवर ती डोकं ठेवून झोपते. हे वाचून मी माझी उशी गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. मोठ्यांसाठीची परीकथा असावी तर अशी. परीकथांचा संग्रह काढताहेत त्या बाईंना सोमवारी पाठवायचीय ना, ऑरिन? मान हलवलीस तरी चालेल.

हेल्मी: मला एक शंका आहे. त्या घरात उशांचे अभ्रे कोण बदलतं?

वर्ना: तसं काही लिहिलेलं नाही.

हेल्मी: म्हातारा बदलत असेल? पहिल्याच पानावर त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीयेत.

वर्ना: मग ती बदलत असणार.

हेल्मी: म्हणजे तिला सगळं माहीत आहे. पहिल्या वर्षापासून. शिवाय चिमट्यानं पीस उपटल्यावर हंसीणच काय, मेलेला मासासुद्धा जागा होईल.

वर्ना: मग ती झोपेचं सोंग घेते? कशासाठी?

हेल्मी: पाचवं पान बघ. उपटायच्या आधी तो चिमटा शेगडीपाशी धरतो. तिला गार लागू नये म्हणून.

वर्ना: हे माझ्या नजरेतून सुटलंच. भयंकर आहे.

हेल्मी: भयंकर आहेच. पण माया पण आहे ना त्यात. म्हणून ती पडून राहिली इतकी वर्षं. पण दर वेळी तिला वाटत असणार, की यानं एकदा चिमटा बाजूला ठेवावा आणि तोंड उघडून विचारावं.

वर्ना: काय विचारावं?

हेल्मी: परत येशील का, म्हणून.

वर्ना: आपण गोष्टीबद्दल बोलतोय की तुझ्या गुरुवारच्या विमानाबद्दल?

हेल्मी: गोष्टीबद्दल. माझ्या छातीला इथला हिवाळा आता सोसत नाही, मी थंडीभर बहिणीकडे दक्षिणेला, उबदार ॲरिझोनात राहणार, हे मी लेखकाला ऑगस्टमध्येच सांगितलं. लेखक ‘हं’ म्हणाला, माडीवर गेला आणि ही गोष्ट लिहून खाली आला. अजून ‘हं’च्या पुढे गेलेला नाही. म्हणून तर विमानतळावर तू सोडणार आहेस मला.

वर्ना: मला वाटलं त्याची गाडी बिघडलीय.

हेल्मी: गाडी धडधाकट आहे.

वर्ना: असो. शेवटाकडे येऊ. शेवटी तिला पिसं फुटायचीच थांबतात. ती अंगणात बसून वरून जाणारा थवा बघत राहते आणि बर्फात गोठते. म्हातारा उशी फाडून सगळी पिसं तिच्या अंगावर घालतो. मला पसंत आहे. छान काळा शेवट.

हेल्मी: मला नाही पसंत. लेखकाचा जन्म गेला या सरोवराकाठी. दर वर्षी थवे जाताना मान अवघडेपर्यंत वर बघतो. आणि एवढी गोष्ट लिहिताना त्याला साधी बाब आठवली नाही.

वर्ना: कोणती?

हेल्मी: ते परत येतात. एप्रिलमध्ये. येतात आणि गावभरची हिरवळ घाण करून ठेवतात.

वर्ना: ती परत आली तर मग काळं काय उरलं?

हेल्मी: त्यानं तिला जाऊ द्यायचं. मग हिवाळाभर त्या घरात एकट्यानं राहायचं, तिच्या उशीशेजारी झोपायचं, ती येईल की नाही हे माहीत नसताना. आणखी किती काळं हवंय तुला?

वर्ना: एखादा लांडगा चालला असता.

हेल्मी: तुला सगळीकडेच लांडगा चालतो.

वर्ना: बरं, झालं आपलं. ऑरिन, आता तू बोल.

हेल्मी: बोल ना. नियम संपला.

ऑरिन: मला वाटलंच होतं, गोष्ट सुमार आहे.

हेल्मी: सुमार नाही. अपुरी आहे.

ऑरिन: पण त्यानं विचारलं आणि ती नाही म्हणाली तर?

हेल्मी: मोठ्यांची गोष्ट आहे ना ही? मग तेवढं सोसायला हवं त्यानं.

ऑरिन: वर्ना, गुरुवारी तू येऊ नकोस. मी सोडेन हिला.

वर्ना: बरं. मग आजचे कप मी धुते.

ऑरिन: हेल्मी, तू तुझी उशी नेणार आहेस का?

हेल्मी: बहिणीकडे आहेत उशा. माझी राहू दे पलंगावर. एप्रिल आला की अभ्रा तेवढा बदलून ठेव.