देवाच्या गाडीचा टप

—न्हाई न्हाई, शिडी ऱ्हाऊ द्या तिथंच, टपावर चढून बगायची गरज न्हाई मला, खाली हुबं ऱ्हाऊनच दिसायलंय. ह्या इथं, दाराच्या वर, रंग फुगलाय बगा — दिसलं? — बोट लावलं की पापडावानी निघतोय. म्हंजी पानी आत शिरून बसलंय. कवापसनं? तीन वर्सं तर झालीच की. आनि तुमी आत्ता यायलात, मिरगाचा पाऊस पंधरा दिसांवर आल्यावर. बसा, रेवणप्पा, बसा की त्या टायरवर. टायर बाटत न्हाई, रबर हाय. — हुबंच ऱ्हाता? ऱ्हावा. तुमी देवाच्या गाडीचे पंच, तुमाला बसा म्हननारा मी कोन. माजं काय, ह्या व्यंकटचं भालकीच्या नाक्यावर पत्र्याचं एक शेड, मोटारींची बॉडी ठोकायची, सांध भरायची, गाडी आली की बगायची, गेली की इसरायची. ही गाडी मात्र इसरलो न्हाई मी.

लिलावातली बस ही. म्हैसूरचं कर्नाटक झालं त्या साली तुमी पंचांनी घेतली, सीटा काढून टाकल्या, डायव्हरच्या मागं देवाचा गाभारा केला, त्याच्या मागं काशाप्पा पुजाऱ्याचा पलंग, इस्टो, ट्रंक, पान्याचा माठ — बारा म्हैने काशाप्पा ह्यातच रांधतो, ह्यातच झोपतो, गावोगाव फिरतो. चांगलं हाय. देव लोकांच्या दारात जातो. कोनाच्या दारात जातो आनि कोनाच्या न्हाई ते सोडा, मी त्यात पडत न्हाई, मी टपाचं बोलायलोय. आता घर म्हनलं की घराच्या डोक्यावर कोन तरी चढायला पायजे का न्हाई? पाला काढायला, पन्हाळ मोकळी करायला, सांध बगायला? चढायलाच पायजे. आपल्या माळवदावर दर साली चढतोच की आपन. पन ह्या घरात देव — आनि देवाच्या डोक्यावर पाय कोन देनार? कोन न्हाई. घडीभर देव बाहीर घ्या म्हनलं तर म्हने, मंत्रानं बसिवलाय, जागचा हालत न्हाई. दिसाला चाळीस मैल हालतोय की त्यो, रेवणप्पा. खड्ड्यात गाडी आदळली की काशाप्पा त्याचा टोप सरळ करायलाय. पन हालत न्हाई म्हने.

तर चार वर्सं ह्या टपावर मानूस गेला न्हाई. आनि लोक काय करायले? गावात गाडी शिरली की माळवदावर चढून वरून भंडारा उधळायले, खारीक-खोबरं फेकायले. म्या इचारलं व्हतं तवा तुमाला, की माळवदावर चढलेला मानूस देवाच्या डोक्याच्या वर न्हाई का? तर तुमी म्हनलात, माळवद येगळं. बरं, येगळं. पन ते खोबरं जातंय कुठं? टपावरच पडतंय, कुजतंय, त्यात मुंग्या, उंदरं, कावळ्याची घान, वर हळदीचा गारा. म्या पैल्यांदा वर चढलो तवा ज्वारीचं ताट उगवलेलं व्हतं, कनसासगट. देवाच्या डोक्यावर रान पिकायलं आनि तुमी खाली आरती करायलात. पानी गळून देवाच्या टोपावर पडायलं, तर काशाप्पानं लोकांला सांगितलं की देव सोताच अभिषेक करून घ्यायलाय. लोकांनी हात जोडले. छप्पर गळतंय म्हनून हात जोडनारी मानसं म्या त्या आदी बगितली नव्हती.

आनि मंग तुमचा त्यो इलाज. आठवतंय का इसरलात? कोनाच्या डोक्यातनं निघाला ते ठावं न्हाई, पन अक्कल लई मोठी — गाडी एका घराच्या भिताडाला खेटून हुबी केली आनि त्या घराच्या माळवदावरनं टोपल्या टोपल्या पांढरी माती टाकली टपावर. घराला टाकतो तशी. लांब वाशाला फळी बांधून वरूनच चोपली, म्हंजी पाय लागायचा सवाल न्हाई. आता मला सांगा, घर जागंवर बसलेलं असतंय का न्हाई? घर हुमनाबादच्या रस्त्यानं पळत न्हाई. तुमी गाडी चालू केली आनि तिसऱ्या खड्ड्याला निम्मी माती डायव्हरच्या काचंवर आली. ऱ्हायलेली निम्मी पान्यानं भिजली, पत्र्याला बिलगून बसली आनि खालून पत्रा सडला. एवढं कळायला काय साळा लागती? न्हाई लागत. पत्र्याला हात लावला की कळतंय. पन हात लावायचा कोनी.

तवा आनीबानी नुकतीच उठली व्हती. पंच बसले, आनि पंचांनी तोड काढली — व्यंकटला बलवा. कामून? व्यंकट चांगला कारागीर म्हनून? छ्या. व्यंकटच्या बापानं धर्म बदलला, व्यंकट आता बुद्धाचा मानूस, त्याला आपला देव देव न्हाई, मंग त्याच्या पायाचं पाप त्यालाबी न्हाई आनि आपल्यालाबी न्हाई. हे मला तुमीच सांगितलं, हितंच हुबं ऱ्हाऊन, लई हुशारीची गोष्ट सांगावी तसं हसत. म्याबी हसलो. म्हनलं, ठीक हाय, गाडी तर आली. मी पल्टणीत बारा वर्सं दवाखान्याच्या गाड्यांचे टप केलेला मानूस. आत जखमी शिपाई झोपलेला असायचा, त्याच्या अंगावर थेंब पडला की सुभेदार आमची कातडी सोलायचा. तवापसनं गळका टप बगितला की मला घास गोड लागत न्हाई, मंग आत देव असो न्हाईतर म्हसरं असोत.

सहा दिवस केलं काम. खरपीनं घान उतरवली — पाट्या मोजल्या न्हाईत, मागच्या गटारीला वास म्हैनाभर व्हता. मंग रॉकेलचं फडकं, मंग धुन्याच्या सोड्याचं पानी, मंग कोरडं फडकं, मंग नुस्तं ऊन, घाई न्हाई. तुमच्या डायव्हरनं काठीला चिंधी बांधून खालूनच डांबर फासलं व्हतं, सांध्यावर कमी आनि खिडक्यांवर जास्ती — ते सगळं तासून काढलं. गंजलेल्या रिबिटा बदलल्या. जवसाचं तेल, खडूची भुकटी, जरासा सफेदा, हातानं मळून सांध बुजवायची लांबी केली, भाकरीच्या पिठावानी, हाताला चिकटू नये आनि तुटूबी नये — ती सांध्यासांध्यात अंगठ्यानं दाबली, वरून मांजरपाटाची पट्टी, पट्टीवर रंगाचा हात. आनि तुमाला समोर हुबं करून सांगितलं का न्हाई? चार दिवस. चार दिवस गाडी उन्हात हुबी ऱ्हाऊ द्या, पान्याचा थेंब लागू देऊ नका, लांबी कच्ची हाय. तुमी मान हालवली. काशाप्पानं मान हालवली. मान हालवायला काय जातंय.

दुसऱ्याच दिशी गाडी संतपूरला. जत्रा व्हती. मला आपलं मागनं कोनी तरी सांगितलं — कोन ते आता ध्यानात न्हाई — की वेशीपाशी गाडी थांबवली आनि गावात शिरायच्या आदी टप शुद्ध करून घेतला. वर तर कोन चढनार न्हाई, मंग शेजारच्या माळवदावरनं पितळेच्या बारा घागरी वतल्या. आदी गोमूत्र, मंग पानी, शेवटाला दूध. आनि व्यंकटच्या पायाचा माग ऱ्हाऊ नये म्हनून लांब कळकाला खराटा बांधून टप घासला, पुढनं मागं, मागनं पुढं. कच्च्या लांबीवर खराटा. पट्टीचं एक टोक सुटून वाऱ्यावर फडफडायलं, तर खालून एक जन म्हनला, बगा, घान निघायलीय. आनि कळक धरनारानं पांढरा पटका बांधला व्हता, डाव्या खांद्यावर पिवळा पंचा, घासताना त्याची जीभ जरा बाहीर आली व्हती, लहान पोरगं पाटीवर अक्षर काढताना येती तशी. — काय? एवढं सगळं कोनी सांगितलं? सांगितलं कोनी तरी. — न्हाई. कोनी न्हाई सांगितलं. मी व्हतो तिथं. कळक तुमच्या हातात व्हता, रेवणप्पा.

कामून गेलो व्हतो? देवाला? देवाला न्हाई. टप बगायला गेलो व्हतो. सोता केलेला टप बगायला साठ-सत्तर मैल हेलपाटा, येस्टीत हुबं ऱ्हाऊन — हसा, हसायचं असंल तर. आनि एकटा न्हाई, शोभाबाईला घिऊन गेलो, माज्या बायकोला. ती म्हनायली, सहा दिवस दुपारच्याला जेवाया आला न्हाईत, असं काय घडवलंय ते बगू तर द्या. म्हनलं चल, दाखवतो, उन्हात ताटावानी चमकायलंय. ती ठेवनीतलं लुगडं नेसली. गर्दीच्या मागं एक बाभूळ व्हती, तिच्याखाली हुबं ऱ्हायलो, आनि म्या बोट वर करून दाखवलं, त्यो बग, त्यो माजा टप — आनि बोट वर असतानाच पैली घागर पडली. मला वाटलं, धुराळा बसावा म्हनून शिंपडायलेत. शोभाला आदी कळलं. माजं वर केलेलं बोट तिनं हातानं खाली केलं आनि म्हनली, चला, पाचची गाडी गावंल. मला लई लाज वाटली तिच्यापुढं. लाज तुमाला वाटायला पायजे व्हती, ती मला कामून वाटली, ते अजून उमगलं न्हाई मला. ही गोष्ट म्या कोनाला सांगितलेली न्हाई, आनि तुमाला सांगायची नव्हती.

आनि मंग पाऊस लागला, टप गळला, आनि तुमी तालुकाभर काय सांगितलं? आमी कच्च्या लांबीवर खराटा मारला — असं सांगितलं? न्हाई. व्यंकटचं काम गळतंय, असं सांगितलं. शिनेमाच्या तंबूवाल्याची गाडी माज्या दारातनं परत गेली. लग्नाच्या बँडवाल्याची गेली. तीन वर्सं ह्या शेडात टप आला न्हाई, दार ठोका, बंपर सरळ करा, एवढंच. तेरा वर्सं कमावलेलं नाव एका दुपारी बारा घागरीत वाहून गेलं, आनि ज्यांला खरं ठावं व्हतं ते गप बसले. काशाप्पा गप. तुमी गप. आनि आता परत माज्याच दारात, कामून, तर दुसरा कोन पाय देत न्हाई. बिदरच्या कारागिरानं तुमाला बाहीरच्या बाहीर वाटंला लावलं, ते मला कळलंय.

तरीबी करतो. व्हय, करतो म्हनलं. तुमच्यासाठी न्हाई, देवासाठी तर न्हाईच. ह्या तालुक्यानं ह्या टपाकडं बगून म्हनायला पायजे की पावसाळ्यामागनं पावसाळे गेले आनि आत थेंब न्हाई. एकच अट हाय माजी, आनि ती पैशाची न्हाई. लांबी वाळंस्तोवर टपाला पानी लागता कामा नये. — कबूल? काशाप्पाला इचारायला नगं? इचारूनच आलात. चार दिवस माज्याच शेडात ठिवता? आनि तुमी सोता इथं थांबता राखनीला. थेंबबी न्हाई. लिहून देता. — न्हाई, लिहून कशाला, शब्द हाय की तुमचा. बरं. बरं झालं. असं आदी म्हनायचं की, रेवणप्पा, मी उगंच एवढं तोंड सोडलं. मानसाकडनं चूक व्हती. अगं शोभा, च्या ठिव ग, दोन कप, रेवणप्पाबी घेतील. मंग असं करू — आजच खरपी लावतो, ऊन चांगलं हाय, सोमवारपोतर लांबी भरून व्हईल, शुक्रवारी गाडी तुमची, आनि मंग पाऊस किती का पडंना —

काय म्हनलात?

शुक्रवारी. चार दिवस झाल्यावर. तवा धुता.

व्हय. तवा लांबी वाळलेली असती. दगड झालेली असती. बारा घागरी वता न्हाईतर बाराशे वता, खराटा मारा, काय व्हनार न्हाई तिला. बराबर बोललात तुमी. माजी अट तेवढीच व्हती. त्यात मला चूक काढता येत न्हाई, रेवणप्पा.

अगं, च्या नगं. ऱ्हाऊ दे.

गाडी काढा. मागं घेताना डाव्या अंगाला खड्डा हाय, बगून घ्या.