हजार निट्सचा मॉनिटर

निलेश : साहेब, आता याच्या पुढे नाही जाणार. ब्राइटनेस शंभरावर आहे. फुल्ल.

सौरभ : शंभरावर? नक्की? बघ ना यार परत एकदा.

निलेश : दोनदा बघितलं. हजार निट्सचा आहे हा. समोर उभं राहून माझेच डोळे चुरचुरायला लागले.

श्रुतिका : निट्स म्हणजे काय हो, भाऊ?

निलेश : उजेडाचं माप, ताई. साधा मॉनिटर अडीचशे-तीनशेचा असतो, हा हजारचा. समोरच्या खिडकीतून ऊन येऊ दे, नाहीतर काय पण होऊ दे, चित्र फिकं पडणार नाही. साहेब काय करतात?

श्रुतिका : लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. घरूनच, मरोळला. दिवसभर लोकांची लग्नं लावतो आणि काम संपलं की बंदुका घेऊन माणसं मारतो.

निलेश : गेम पण आणि काम पण. मग हा सत्तावीस इंची कशाला, बत्तीस घ्या. कर्व्ह वाला. खेळायला झकास!

सौरभ : नको. चोवीस दाखव. त्याहून लहान असला तर तो.

निलेश : लहान? साहेब, गेमवाले सगळे मोठा मागतात. लहान मागणारे तुम्ही पहिलेच.

सौरभ : आहे का नाही ते सांग ना.

निलेश : बघतो आत. बसा तुम्ही.

(निलेश आतल्या खोलीत जातो.)

श्रुतिका : घरी बत्तीस आहे, सौरभ. माझ्याशी भांडून आणलास. त्याच्यासाठी भिंतीवरचा बाप्पाचा फोटो काढायला लावलास. आणि आता चोवीस?

सौरभ : तो अंधुक झालाय.

श्रुतिका : मला नाही दिसत अंधुक.

सौरभ : तुला काय कळतं त्यातलं?

श्रुतिका : एडिटिंग नाही कळत, हळद तरी कळते ना! प्रियंकाच्या हळदीचा व्हिडिओ परत आला तेव्हा बघितला मी. हळद पांढरी दिसत होती. नवरीला पिठात लोळवल्यासारखं. तिची आई फोनवर रडली.

सौरभ : ते मॉनिटरमुळेच झालं. तो काळपट दाखवतो, मी उजेड वाढवत जातो, आणि लोकांच्या टीव्हीवर सगळं पांढरंफट्ट पडतं. म्हणून तर नवा घेतोय.

श्रुतिका : मग हा कसा दिसतोय? खरं सांग. माझ्या डोळ्यांत पाणी आलंय याच्याकडे बघून.

सौरभ : दुकानात लाइट जास्त आहेत. त्याने फरक पडतो.

श्रुतिका : दुकानात लाइट जास्त आणि घरात कमी! एका खोलीत चार ट्यूब लावल्यास. शेजारच्या सपनाताई विचारतात, तुमच्याकडे शूटिंग चाललंय का. स्कूटर सोडलीस, म्हणे गुडघा दुखतो. परवा आपली अपूर्वा दारात उभी होती. चार वर्षांची पोर, तिला पाडून पुढे गेलास आणि वर तिच्यावरच ओरडलास, मध्ये का येतेस म्हणून.

सौरभ : हळू बोल ना. दुकान आहे हे.

श्रुतिका : लहान का मागतोयस, तेवढं सांग. मग गप्प बसते.

सौरभ : मोठ्यावर कडेचं दिसत नाही.

श्रुतिका : म्हणजे?

सौरभ : म्हणजे मधलं दिसतं, आजूबाजूला काळं. गेममध्ये सगळे मला बाजूने येऊन मारतात. टीममधली पोरं हसतात, दादा म्हातारा झाला म्हणतात. लहान स्क्रीन असली की सगळं मध्ये मावतं. उजेड जास्त असला की अजून जरा दिसतं. बस, एवढंच आहे.

श्रुतिका : एवढंच? ऊठ. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल.

सौरभ : जाऊन आलो.

श्रुतिका : कधी?

सौरभ : गणपतीच्या आधी. काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत.

श्रुतिका : तुझ्या काशीराममामांना होता तो?

सौरभ : तोच.

श्रुतिका : अरे, पण ते तर म्हातारे होते.

सौरभ : मामी त्यांना हाताला धरून देवळात न्यायला लागली तेव्हा बेचाळीसचे होते मामा. मी चौतिसाव्यातच सुरुवात केली.

श्रुतिका : काही औषध असेल ना. ऑपरेशन असेल.

सौरभ : थेंब आहेत. बाथरूममध्ये जाऊन घालतो. गेलं ते परत येत नाही म्हणाले, श्रुती. उरलंय ते सांभाळायचं. आणि उशीर झालाय, हेही म्हणाले.

श्रुतिका : होळी आली आता, सौरभ. इतके महिने एका खोलीत झोपतोय आपण. मला सांगावंसं वाटलं नाही तुला? मी रोज तुझ्या अंगावर जायची, गेम खेळून डोळे फोडून घेशील म्हणून. जॉयस्टिक कपाटात कोंडून ठेवली तुझी.

सौरभ : गेममुळे नाही झालं ते. तुझी काही चूक नाही.

श्रुतिका : मग बोलला का नाहीस?

सौरभ : बोललो असतो तर तू मामीसारखं बघितलं असतंस माझ्याकडे. आत्ता बघतेयस ना, तसं. आणि सांगून पुढे काय करू? दुसऱ्यांची लग्नं कापायची आणि जोडायची, त्याशिवाय काय येतं मला? कोण देणार आहे आंधळ्याला एडिटिंग?

श्रुतिका : असं नको बोलूस रे. भीती वाटते मला.

सौरभ : मला काय नाही वाटत?

श्रुतिका : मग या मॉनिटरने काय होणार आहे?

सौरभ : काही नाही होणार. माहितीये मला. पण वैशाखातली अकरा लग्नं हातात आहेत. तेवढी तरी नीट करून देऊ दे. हळद पिवळी दिसू दे लोकांना.

निलेश : मिळाला, साहेब! चोवीसचा, आणि उजेड हजारच. शेवटचा पीस होता, नशीब तुमचं. पॅक करू? तीन वर्षं वॉरंटी आहे. वर थोडे भरलेत तर पाच वर्षांची करून देतो.

श्रुतिका : पाचची करा, भाऊ.

सौरभ : नको गं. तीनसुद्धा जास्त आहेत.