उवेची टाच

...अगं नाही, रागावलो नाहीये मी, चेहराच तसा आहे माझा — आमची गिटारवाली ग्रिट म्हणते, तुझं तोंड बघून लोक एक दिवस तिकिटाचे पैसे परत मागतील. मी एवढंच विचारलं, ड्रम सरळ तू केलेस का? केलेस ना. मग झालं. मी कॉफी प्यायला गेलो तेव्हा ते त्या उजवीकडच्या खांबाकडे तोंड करून होते, आणि आता येऊन बघतो तर शहाण्या मुलांसारखे लोकांकडे बघत बसलेत. तुझी चूक काहीच नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही सरळच केले असते, वाटलं असतं गाडीतून उतरवताना कुणाचा तरी धक्का लागला. बस, बस तू, झांजा लाव आपल्या निवांत. साउंडचेक आधी आमचा, मग तुमचा, आणि ग्रिट अजून वर खोलीत फोनवर आहे, ती खाली आल्याशिवाय इथं पानसुद्धा हलत नाही. तुला ‘तू’ म्हणतोय, चालतं ना? एकदा स्टेजवर पाय ठेवला की आम्ही पाद्र्यालाही अरे-तुरे करतो.

ताबेआ ना तुझं नाव? बरं, ताबेआ. मी फोल्कमार. तर हे बघ — ड्रम वापर, खुशाल वापर, मोठ्या बँडनं ड्रम द्यायचे, आधी वाजवणाऱ्यांनी आपल्या झांजा, आपला छोटा स्नेअर ड्रम, आपलं पायाचं पॅडल आणायचं, ही रीतच आहे, आणि रीत आहे म्हणूनच आपण सगळे जगलो. मी स्वतः दुसऱ्यांच्या ड्रमवर हात बसवला. केम्निट्झला एक म्हातारा होता, द्यायचा वाजवायला, पण मी उठलो की माझ्यादेखत फडक्यानं पुसून घ्यायचा. मी तसला नाही. स्टूल खालीवर कर, काय हवं ते कर. फक्त तुमचं झालं की ते पुन्हा त्या खांबाकडे वळवून ठेव. का म्हणजे? म्हणजे — हे स्टेज आहे ना, ते उतरतं आहे. पूर्वी इथं आगीचे बंब उभे असायचे, पाणी वाहून जायला जमीन उतरती केलेली. बरं, स्टेज वेगळं आहे, लाकडाचं आहे, मला दिसतंय. मग खांदा म्हण. उजवा खांदा दुखतो, तिरकं बसलं की बरं वाटतं. तेही नाही पटत? तू फार बघतेस बाई माणसाकडे. झांजा पुसतेयस ना, तिकडे बघ की.

काही नाही गं, थकलोय. नोव्हेंबरात फिरायला निघणं हाच मूर्खपणा आहे, पण उन्हाळ्यात आमच्यासारख्यांना विचारतो कोण, तेव्हा सगळे तळ्याकाठी असतात. आज इथं, काल कुठं होतो — थांब, काल नदी होती, म्हणजे — जाऊ दे. एक गाव, एक गोदाम, एक माणूस दाढीवाला, तो म्हणतो जिना जपून, वर तुमची झोपायची खोली आहे, हीटर जरा हळू चालतो. हळू कसला, तो मेलेला असतो. लोखंडी दुमजली पलंग, चादरीवर आधीच्या बँडचे केस. आणि जेवायला काय? राजमा, मका, टोमॅटो, मोठ्या पातेल्यात. वर फ्लेन्सबुर्गपासून खाली पासाऊपर्यंत सगळ्या क्लबांतल्या बायाबापड्यांना एकाच आजीनं स्वयंपाक शिकवलाय जणू. नाही, नावं नाही ठेवत, प्रेमानं करतात बिचाऱ्या, गरम असतं. पण माणसाला कधीतरी बटाटा आणि सॉसेज खावंसं वाटतं की नाही? आणि दिवसभर गाडी. ग्रिट चालवते, आमचा बेसवाला उवे तिच्या शेजारी, मी मागे सामानात, पायांत केबलींची खोकी. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. माझे मित्र या वयात गुडघे बदलून घेतात, मी पेट्रोलपंपावर दात घासतो.

पण घरी जावंसं वाटतं का? नाही वाटत. हे कुणाला सांगू नकोस. घरी शांत असतं ना, आमची गल्लीच तशी, संध्याकाळी सहानंतर कुत्रंही भुंकत नाही — आणि मग कानात शिट्टी सुरू होते. किटली चुलीवर विसरली की वाजते ना, तशी. रात्रभर. बायको होती तेव्हा रेडिओ लावून झोपायची माझ्यासाठी, आता तिचं तिचं घर आहे, रेडिओही घेऊन गेली. वाजवताना मात्र शिट्टी ऐकू येत नाही. तेवढा पाऊण तास, तासभर, डोक्यात माझं मीच असतो. म्हणून हे पलंग, हा राजमा. लोकांना वाटतं, या म्हाताऱ्यांना काय संगीताचं वेड. वेड कसलं डोंबलाचं.

आणि आज सकाळी उवे म्हणतो, ही खेप माझी शेवटची. बरं, सांगायची वेळ बघ. नाष्ट्याला बसलोय, याच्या हातात लोण्याची सुरी, ब्रेडला लोणी लावता लावता म्हणतो — ‘सासऱ्याला आता रोपवाटिका झेपत नाही, ख्रिसमसच्या झाडांचा हंगाम आहे, मी तिकडे जातो, कायमचा. ती काकडी दे जरा.’ काकडी दे म्हणे. ग्रिट लगेच फोन उचलून खोलीबाहेर, ती तशीच आहे, रडायच्या आधी कामाला लागते. लाइप्झिगचा एन्नो म्हणून एक बेसवाला आहे, तो आजच येतोय. दोन गाणी आमच्याबरोबर वाजवणार, आजच, इथंच, लोकांसमोर. चांगला वाजवतो, मी बघितलंय. पण बोकडासारखा उड्या मारतो स्टेजभर, एका जागी म्हणून ठरत नाही, आणि त्याच्या त्या विजारी, इतक्या ढगळ की बूटसुद्धा दिसत नाहीत. उवे गेला म्हणजे माझं संपलंच की.

काय म्हणालो मी? काही नाही म्हणालो. बूट म्हणालो, हो, म्हणालो असेन. अगं बोलण्याच्या ओघात... दुसरं बोलू काहीतरी. तुमचा बँड कुठला, एरफुर्टचा का?

बरं, ऐक. तसंही तू उद्या तुझ्या वाटेनं जाणार, मी माझ्या. उवेची डावी टाच. तो वाजवताना डाव्या टाचेनं ताल धरतो, धपाधप, जमीन खणायला निघाल्यासारखा. मी ती बघतो. ऐकत नाही, बघतो. माझा डावा कान गेलाय, संपूर्ण, दगड ठेवलाय असं समज. उजवा आहे थोडाफार — आत्ता तू बोलतेयस ते ऐकतो, निम्मं तोंड बघून ओळखतो, पण सगळी वाद्यं सुरू झाली की त्या कानात नुसता रेल्वेपुलाचा धडधडाट. त्यात ग्रिटची गिटार कुठली आणि गाणं कुठलं, देवाला ठाऊक. म्हणून ड्रम तिरके. आज त्या खांबाशी उवे उभा राहणार, माझ्या नजरेला त्याची टाच, ती पडली की माझा पाय पडतो. गाणी तर हातांना पाठ आहेत. लोक म्हणतात एका कानानं ऐकावं, दुसऱ्यानं सोडून द्यावं — माझा एक कान नुसतं सोडूनच देतो. हसू नकोस. हस, हस, माझंही हसून झालंय.

कानाचं यंत्र? आहे ना, कोटाच्या खिशात, डबीत. कानाच्या डॉक्टरनं दिलं, म्हणाला भाजीबाजारात छान चालेल, स्टेजवर लावाल तर तेच ओरडेल. आणि आणखी एक म्हणाला — उरलेला कान वाचवायचा असेल तर ड्रम विका. मी म्हटलं, बघतो.

कुणाला कळलं नाही, एकदा सोडून. म्हणजे तेव्हाही कळलं नाही. वर उत्तरेला, समुद्राजवळच्या एका गावात, क्लबवाल्यानं नवीन धुराचं यंत्र आणलेलं. त्याला कोण आनंद, लहान मुलाला आगगाडी मिळावी तसा. तो धूर वर जात नव्हता, जमिनीवरून सरपटत यायचा. सुंदर दिसत असेल समोरून. दुसऱ्या गाण्याला गुडघ्यापर्यंत चढला आणि उवे गुडघ्याच्या खाली नाहीसाच झाला. अंदाजानं वाजवत राहिलो, ग्रिट वळून बघायला लागली, डोळे असे मोठे, मग उवे थांबला, ग्रिट थांबली, मी एकटाच आपला बडवतोय — आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, नवीन काहीतरी आहे. मी सांगितलं, पॅडलची स्प्रिंग तुटली. मग गाडीत मागे बसून ती हातानं वाकवून तोडली, दाखवायला नको? ग्रिटला तेव्हा संशयही आला नाही. झाकली मूठ.

त्यानंतर मात्र धुराचा त्रास नाही झाला कधी, कारण त्याच सुमाराला उवेला दमा झाला. वाईटच की, पण माझ्या पथ्यावर पडला. गावात उतरलो की हा आधी क्लबवाल्याला गाठतो, ‘धूर सोडू नका हं, मला दमा आहे, स्टेजवर मरेन.’ आज इथंही सांगितलं असेल — काय? काय बघितलंस? मागच्या अंगणात? अगं ओढत असेल, कागदात तंबाखू वळून ओढतो तो, आजचं का ते, गाडी थांबली की आधी उवेचा धूर —

हो.

ओढतोच की तो.

रोज माझ्यासमोर ओढतो. मीच काडी देतो.

थांब जरा. बोलू नकोस. म्हणजे दमा नाही. दमा नाही त्याला, तो सुट्टीत डोंगर चढतो. मग धूर का नको? — आणि टाच. पूर्वी तो टाच आपटायचाच नाही. अगं नाही आपटायचा, पूर्वी तो फिरायचा, ग्रिटच्या माईकपाशी जायचा, पाठीला पाठ लावायचा, फोटो आहेत. मला वाटायचं, आता गुडघे दुखत असतील, म्हणून एका जागी उभा. मी समजत होतो, मी त्याची टाच चोरून बघतोय. आणि तो गाढव मला दाखवत होता. एवढी वर्षं एकाच दुमजली पलंगावर वर-खाली झोपलो, एक शब्द नाही. आणि तो सासरा — सासरा काही आज म्हातारा नाही झाला, ताबेआ. दोन हंगाम झाले बोलावतोय त्याला. बायको फोनवर भांडायची, मला मागे बसून ऐकू... दिसायचं. मी मनात म्हणायचो, याचं बायकोशी पटत नाही वाटतं. दोन हंगाम हा घरी गेला नाही, कशासाठी, तर माझ्या पायासाठी. आणि सकाळी मी काय केलं असेल? काकडी सरकवली, तीही तोंड वाकडं करून.

ग्रिटला? ग्रिटला सांगणं सोपं असतं तर सांगितलं नसतं? ओळखत नाहीस तू तिला. ती चिडणार नाही. चिडली तर बरं. ती तिथल्या तिथं वसंतातले सगळे कार्यक्रम रद्द करेल, उजव्या कानासाठी, मग मला घरी सोडेल, सामान वर पोचवेल, आणि जाताना सूप करून ठेवेल. आणि मग संध्याकाळचे सहा वाजतील. तू म्हणतेस सांग. तुझं वय आहे सांग म्हणायचं. पण नाही सांगितलं तर आज तो एन्नो उड्या मारणार, मी अंदाजानं बडवणार, आणि सगळा दोष पडेल त्याच्या माथी — ग्रिट म्हणेल उवेसारखा कुणी नाही, आणि उवे ते ऐकून पुन्हा थांबेल. थांबेल तो. बॅग उघडून मोजे परत खणात ठेवेल आणि म्हणेल, एक हंगाम आणखी. तेवढा मूर्ख आहे तो.

काय गं? काय झालं, तिकडे काय बघतेस, माझ्या मागे?

मला? कोण मारतंय हाका? कधीपासून?

ग्रिट. तू होय. अगं, मुद्दाम नाही, खरंच ऐकलं नाही मी. एन्नो आला का? येऊ दे, कॉफी पिऊ दे त्याला आधी. तू ये इथं, बस. नाही, त्या बाजूला नको, त्या बाजूचं काही कळत नाही मला. इकडे, उजवीकडे बस. आणखी जवळ. काही झालं नाही, घाबरू नकोस, सांगतो. — ताबेआ, तू जा, जेवून घे. झांजा राहू देत तशाच. अगं जा म्हटलं ना, राजमा गार होतोय.