सातपुढची रेघ

सत्याऐंशी सालची गोष्ट. उत्तरेतल्या त्या शहरात नाकाबंदीमुळे सेक्टर बावीसच्या स्टॉपवर बस येत नव्हती आणि रांगेत माझ्यापुढे सरकारी ऑफिसातल्या दोन स्टेनो चक्क मराठीत बोलत होत्या.

"पद्मिनीताई, आज मोठा घोळ केला मी."

"का गं उल्का, डिक्टेशन सुटलं?"

"नाही हो. परवा अतिरेक्यांनी बसवर गोळीबार केला ना, त्याचा रिपोर्ट होता. साहेबांनी आधी भरपाई सांगितली, प्रत्येकी वीस हजार. ती टाइप केली आणि रकमेपुढे रेघ मारली."

"मारायलाच हवी. नाहीतर कोणीही पुढे एक शून्य वाढवेल."

"पुढच्या ओळीत मृतांचा आकडा होता, सात. हाताला सवय. सातपुढेही तीच रेघ मारली, शिवाय 'फक्त' लिहिलं."

"अगं बाई! सात फक्त?"

"सात फक्त."

"साहेब ओरडले असतील."

"ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून त्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, मॅडमजी, ही रेघ काढून टाका. दोघं अजून हॉस्पिटलमध्ये आहेत."

"मग?"

"पान परत टाइप केलं, रेघ न मारता."

"झालं तर. कशाला मनाला लावून घेतेस?"

"निघताना शॉर्टहँडची वही उघडली. तिथे सात नुसताच होता."

"असणारच. वहीत कुठे रेघ मारतो आपण?"

"आज मारली, ताई. पेनने, दाबून."